मुलांस घरीच शिकवावे काय?

नव्या मुंबईतील सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे. मुलांस शाळेत न घालता घरीच शिकविले तर काय बिघडेल? वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असे विचारणारा मनुष्य विक्षिप्त ठरला असता. आता विचारणारे विक्षिप्त नाहीत. वाशी-नेरूळ, खारघर-ऐरोली येथील चांगल्या नोकऱ्यांतील, वाचनाची आवड असलेले, मुलांच्या हिताविषयी खरोखर कळकळ बाळगणारे असे हे आईबाप आहेत. त्यांची तक्रार थोडक्यात अशी: मूल पहाटे उठून, डोळ्यांवरची झोप उडण्यापूर्वीच बसमध्ये बसते; चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात त्याच्याकडे पाहण्यास शिक्षकांस सवड नसते; दुपारी घरी येते ते दप्तरभर गृहपाठ घेऊन, आणि तो गृहपाठ रात्री आईच करवून घेते. वर शिकवणी निराळी. जे शिकणे अखेर घरीच व्हावयाचे, त्याकरिता एवढी फी आणि एवढी यातायात कशासाठी?

हा आक्षेप पोकळ नाही. आमचे आयुष्य शाळेच्या चार भिंतींत गेले, म्हणून शाळेची वकिली केलीच पाहिजे असे आम्हास मुळीच वाटत नाही. शाळेत किती वेळ वाया जातो हे शाळामास्तराइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? हजेरी, प्रार्थना, सूचना, वह्या गोळा करणे, वह्या परत देणे, कोणाची पेन्सिल कोणी घेतली याचा निवाडा, हे सारे वजा केले असता पाच तासांच्या शाळेत प्रत्यक्ष विद्यादान किती होते, हे उघड बोलण्यात आमच्या व्यवसायबंधूंची मर्जी खप्पा होण्याचा संभव आहे. तथापि प्रश्न वेळेचाच असता, तर त्याचा निकाल केव्हाच लागला असता.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गृहशिक्षणाचे पुष्कळ पुरस्कर्ते आपल्या प्राचीन गुरुकुलाचा दाखला देतात. ‘आपल्याकडे शाळा होत्या कुठे? सारे शिक्षण घरीच होत असे,’ असे ते म्हणतात. वस्तुतः गुरुकुल ही गृहशिक्षणाच्या अगदी उलट गोष्ट होय. उपनयन या शब्दाचा अर्थच जवळ नेणे असा आहे. आणि ते नेणे आईजवळ नव्हे, तर आचार्याजवळ. आठव्या वर्षी मुंज लागली की बटूने घर सोडावयाचे. म्हणूनच त्या विधीत मातृभोजन आहे: आईच्या पानात बसून एकत्र जेवण्याचा तो अखेरचा प्रसंग. पहिली भिक्षाही आईनेच घालावयाची. पुढे विद्या संपवून बटू परत येई तेव्हा समावर्तन, म्हणजे आपण ज्यास सोडमुंज म्हणतो तो विधी होई. आता हे सारे सभागृहात एका सकाळी उरकते, मातृभोजनाच्या वेळी छायाचित्रकार ‘पुन्हा एक घास’ म्हणून सांगतो, आणि बटू सोमवारी आपल्या नेहमीच्या शाळेत जातो. त्यामुळे विधीतील अर्थ आपल्या ध्यानी येत नाही. परंतु तो अर्थ स्पष्ट आहे. मूल आठ वर्षांचे झाले की त्यास आईच्या हातून काढून परक्याच्या स्वाधीन करावे, आणि त्या परक्याच्या घरी त्याने इतर मुलांबरोबर राहावे, असेच आपल्या पूर्वजांचे मत होते. ते मत आज मान्य करावे की नाही, हा निराळा विचार. पण त्याचा आधार घरी शिकविण्यास घेता येणार नाही.

घरच्या शिक्षणाची खरी उदाहरणे पाहावयाची तर फार दूर जाण्याचे कारण नाही. गेल्या दीड-दोनशे वर्षांच्या महाराष्ट्राच्या इतिहासात ती ठळकपणे दिसतात, आणि ती बहुतेक स्त्रियांची आहेत. कारण मुलांकरिता शाळा निघाल्या तरी मुलींस घरावाचून दुसरी पाठशाळा नव्हती. अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. त्याबद्दल लोकांचा रोष पत्करून ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले, आणि तेथे १८५८ साली जन्मलेल्या रमेस लक्ष्मीबाईंनी स्वतः पाठ दिले. हीच कन्या पुढे १८७८ साली कलकत्त्यास गेली, आणि तेथील विद्वानांनी तिला पंडिता ही पदवी दिली. पंडिता रमाबाईंनी आपले इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध केले, ते आईच्या स्मृतीस अर्पण करून. घरी शिकविणाऱ्या मातेचा याहून मोठा गौरव आमच्या माहितीत नाही.

आमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांस गोपाळरावांनी शिकविले. त्या १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच वारल्या. गोपाळरावांच्या शिकवणीतील कठोरपणाची वर्णने चरित्रकारांनी केली आहेत. ती वाचून मन कष्टी होते. शाळेतील मास्तर रागावला तर मूल निदान घरी येऊन रडू शकते. घरातील मास्तर रागावला तर त्याने कोठे जावे? न्यायमूर्ती रानडे यांचा स्वभाव याहून अगदी निराळा. १८७३ साली विवाह होताच त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंस अक्षरओळख करून देण्यास आरंभ केला. पण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी रमाबाईंस त्या विद्येपायी किती टोचून बोलावे, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. शिकविणारा घरात असला तरी घर शिकू देतेच असे नाही, हे एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आमच्या वाचकांस अधिक सांगावयास नको.

या साऱ्या कथांत एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. सावित्रीबाईंस प्रथम जोतीराव फुले यांनी घरीच शिकविले. आणि १८४८ साली त्या उभयतांनी पुण्यास भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली. पंडिता रमाबाई घरी शिकल्या. त्यांनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले. रमाबाई रानडे घरी शिकल्या. त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. बंगालचे रवींद्रनाथ ठाकूर शाळेस कंटाळून घरी शिकले. त्यांनीही १९०१ साली शांतिनिकेतनात शाळाच घातली. घरच्या शिक्षणाचा लाभ ज्यांस पूर्णपणे मिळाला, त्या माणसांनी आपापल्या घरी अधिक मुले शिकविण्यावर समाधान मानले नाही. आपल्यास जे मिळाले ते केवळ दैवयोगाने मिळाले, घरात शिकविणारा निघाला म्हणून मिळाले, आणि ज्यांच्या घरात असा कोणी नाही त्यांची वाट काय, हे त्यांस कळत होते. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, गोखल्यांनी १९११ साली त्याच हेतूने कायदेमंडळात विधेयक आणले, शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात तसा हुकूम काढला, यांच्याही मुळाशी हाच विचार होता.

सांप्रतचा कायदा म्हणजे २००९ सालचा शिक्षणहक्काचा अधिनियम. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे. ते न केल्यास पालकास शिक्षा मात्र सांगितलेली नाही, आणि गृहशिक्षणाचा त्यात उल्लेखही नाही. जर्मनीत याहून कडक स्थिती आहे. तेथे मुलांस शाळेत पाठवावेच लागते, आणि युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१९ साली ती सक्ती उचलून धरली. उलट अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकविण्यास मुभा आहे. आपल्याकडे परीक्षेची सोय म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षे पुरी झालेल्या मुलास देता येते. पाच विषय घ्यावयाचे आणि ते पाच वर्षांत नऊ संधींमध्ये सोडवावयाचे. राज्य मंडळाच्या परीक्षेस १७ क्रमांकाचा अर्ज भरून खाजगीरीत्या बसता येते. तेव्हा ‘घरी शिकले तर पुढे परीक्षेचे काय?’ ही भीती पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही.

आता लाभाची बाजू. आमच्या परिचयाचे खारघरला एक कुटुंब आहे. त्यांचा मुलगा बुद्धीने चलाख, पण अक्षरे त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहात नसत. ‘ब’ आणि ‘व’ यांचा घोळ चौथीपर्यंत सुटला नव्हता. शाळेत त्यास मोठ्याने वाचावयास उभे करीत आणि मुले हसत. पुढे पुढे शाळेची बस दिसली की त्याच्या पोटात दुखू लागे. घरच्यांनी त्यास दोन वर्षे घरी ठेवले. पनवेलच्या एका शाळेतून निवृत्त झालेली आजी घरात होती. तिने वाळूच्या परातीत बोटाने अक्षरे गिरवून, रोज चारच ओळी वाचून घेऊन, घाई म्हणून कसली न करता त्यास वाचावयास शिकविले. दोन वर्षांनी तो आपल्या वयाच्या मुलांबरोबर सहावीत जाऊन बसला. वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. अशा मुलाकरिता घर हे औषध होय, यात आम्हास संशय नाही. परत गेल्यावर त्यास सर्वांत जड काय गेले, हे मात्र ऐकण्यासारखे आहे. वाचन नव्हे, तर थांबणे. उत्तर येत असूनही हात वर करून दुसऱ्या कोणाची पाळी संपण्याची वाट पाहणे त्यास माहीतच नव्हते. आजीपुढे तो एकटाच विद्यार्थी होता.

शिवाय घरी शिकणाऱ्या मुलास आपले गाव शिकता येते, हाही मोठा लाभ. नवी मुंबई म्हणजे सेक्टर आणि इमारती असे जे समजतात त्यांनी एकदा दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या खाडीवर मुलास घेऊन जावे. तेथील कोळ्यास भरतीची वेळ पाहण्यास पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो: अष्टमीस सहाच्या सुमारास, चतुर्थीस तीनच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येस उधाण, अष्टमीस भांग. पाऊणकीचा पाढा, चंद्राच्या कला आणि समुद्राचे चलन ही तिन्ही एका सकाळी, चिखलात उभे राहून मुलास कळतात. हिवाळ्यात रोहित पक्षी, ज्यांस आता सर्वजण फ्लेमिंगो म्हणतात, ते याच खाडीवर उतरतात. कर्नाळ्याचे अभयारण्यही जवळच आहे. वाशीच्या घाऊक बाजारात एका फेरीत शेकडेवारी, वजने आणि अर्धा भूगोल होतो. पन्नास मुले घेऊन हे करणे किती अवघड असते ते आम्ही अनुभवाने जाणतो. दोन मुले घेऊन ते सहज साधते.

आणि मराठी! इंग्रजी शाळेतील आमच्या मुलांस एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतील फरक सांगता येत नाही. घरी शिकणाऱ्यास तो सांगता येईल, अर्थात घरात मराठी बोलत असतील तर.

परंतु आता मुख्य प्रश्नाकडे वळले पाहिजे, आणि तो मुलाविषयी नाहीच. शिकविणार कोण? नेरूळचे एक तरुण जोडपे काही महिन्यांपूर्वी आमचेकडे सल्ल्यास आले होते. पती महापे येथे, पत्नी ऐरोली येथे, दोघेही संगणकाच्या कामात. मुलगा आठ वर्षांचा. पतीने पुष्कळ अभ्यास केला होता. विषयांचे तक्ते, पुस्तकांच्या याद्या, सारे तयार होते. आम्ही त्यांस एक कोरा कागद दिला आणि म्हटले, ‘सोमवार ते शनिवार, सकाळी आठ ते दुपारी एक, असे रकाने पाडा, आणि प्रत्येक रकान्यात विषयाखाली शिकविणाऱ्याचे नाव लिहा.’ त्यांनी उत्साहाने लिहिले. गणित, आई. मराठी, आई. परिसर, आई. इंग्रजी, आई. शनिवारच्या एका रकान्यात ‘बाबा: विज्ञानाचे प्रयोग’ असे होते. पत्नीने तो कागद हाती घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘गुरुजी, यात माझं ऑफिस कुठे लिहायचं?’ पती गृहस्थ चांगला, तो ओशाळला. त्याच्या मनात कपट नव्हते. फक्त तो विचार त्याच्या मनात आलाच नव्हता.

गृहशिक्षणाचे गुणदोष सांगणारे बहुतेक लेख मुलाचा लाभ आणि मुलाची हानी यांचीच वजाबाकी करतात. ही तिसरी रक्कम कोणी मांडीत नाही. २०१६ साली मुंबईच्या एका मुलीस दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसता अमेरिकेतील एम.आय.टी. या विख्यात संस्थेत प्रवेश मिळाला. आंतरराष्ट्रीय संगणक-ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळविली होती. हे उदाहरण गृहशिक्षणाचे पुरस्कर्ते हमखास देतात, आणि ते देण्याजोगे आहेच. पण त्या मुलीच्या आईने त्याकरिता आपली नोकरी सोडली होती, हे सांगावयाचे पुष्कळदा राहून जाते. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, आणि लहान वर्गांच्या तर जवळजवळ दोन वर्षे धड उघडल्या नाहीत. त्या काळात घरोघर शाळा भरली. ती चालविली कोणी, हे ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून आठवावे.

पित्यास वेळ नसता त्याने गृहशिक्षणाचा आग्रह धरला तर काय होते, याचे एक थोर उदाहरण आहे. महात्मा गांधींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांस शाळेत न घालता घरीच शिकविण्याचे ठरविले. हेतू उदात्त होता. पण सार्वजनिक कामापुढे वेळ कोठचा? कचेरीस पायी जाता-येता ते मुलांस बरोबर घेत आणि चालता चालता शिकवीत; तेवढीच शाळा. आपल्या मुलांची याबद्दल आपल्याविरुद्ध तक्रार आहे, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच नमूद केले आहे. ज्येष्ठ पुत्र हरिलाल शाळेच्या शिक्षणाकरिता इतका तळमळत होता की १९११ साली तो पित्यास सोडून हिंदुस्थानात परत आला आणि मोठ्या वयात अहमदाबादेस मॅट्रिकच्या परीक्षेची तयारी करू लागला. ती परीक्षा त्यास काही साधली नाही. पितापुत्रांतील पुढील दुरावा सर्वश्रुत आहे. त्याची कारणे अनेक होती; हे एक. जेथे महात्म्याची ही स्थिती, तेथे रात्री साडेआठास ठाण्याहून लोकलने परतणाऱ्या गृहस्थाने आपल्या ‘शनिवारच्या प्रयोगां’वर किती भरवसा ठेवावा?

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकवर्गास थोडी अप्रिय वाटेल, तरी लिहितो. पूर्वी एकत्र कुटुंबात चुलत-आते-मामे मिळून दहा-बारा मुले एका ओसरीवर असत. भांडण, वाटणी, रुसवा, समेट हे धडे तेथेच होत. आज दोन खोल्यांच्या घरात एक मूल असते. दुसरे झालेच तर पाच वर्षांनी. घरी शिकणाऱ्या मुलांचे पालक म्हणतात, आम्ही त्यांस चित्रकलेच्या, पोहण्याच्या, तबल्याच्या वर्गास पाठवितो, तेथे सोबत मिळते. मिळते खरी; पण कोणाची? जे ती फी भरू शकतात त्यांची, म्हणजे आपल्यासारख्यांचीच. आमच्या वर्गात आगरी-कोळ्यांची मुले, बाजारातील माथाडी कामगारांची मुले, बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले आणि कचेरीतील साहेबांची मुले एका बाकावर बसत. डबे उघडले की सुकट आणि साबुदाण्याची खिचडी शेजारी शेजारी येत. घरून आलेल्या कित्येक बारीकसारीक घमेंडी त्या बाकावर गळून पडताना आम्ही पाहिल्या आहेत. महागड्या शाळांतून हा लाभ आता तसाही उरलेला नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु घरी तर तो मुळीच होणार नाही.

मग आमचा सल्ला काय? मूल शाळेत खरोखर पिचत असेल, आजारी असेल, किंवा त्याची अक्षरांशी गाठ बसत नसेल, आणि घरात शिकविणारे माणूस स्वतःच्या खुशीने मोकळे असेल, तर लोक काय म्हणतील याची पर्वा न करता त्यास घरी ठेवावे. इतरांनी शाळा ठेवावी, मात्र शिकवणी सोडून तो वेळ मुलास परत द्यावा. ज्यांचा निश्चय झालाच आहे त्यांनी एक वर्षाचीच बोली करावी, शाळा सोडल्याचा दाखला नीट जपावा, रोज काय शिकविले त्याची वही ठेवावी, आणि आठवड्याचा कागद मांडताना एकाच नावाखाली सारे रकाने भरणार नाहीत हे पाहावे.

नेरूळच्या त्या जोडप्याने मुलास जूनमध्ये शाळेतच ठेवले. शिकवणी बंद केली. रविवारी सकाळी बाबा त्यास घेऊन सारसोळ्याच्या जेट्टीवर जातो, आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी तो आमचेकडे पाढ्यांस येतो. बरोबर इमारतीच्या पहारेकऱ्याची मुलगीही येते. ती पाऊणकीत त्याच्या पुढे आहे. आमच्या सेक्टरात सकाळी बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणारे निवृत्त शिक्षक आणि बँकेतील गृहस्थ मिळून आम्ही सातजण आहो. त्यांपैकी दोघांस गणित उत्तम येते. त्यांच्याशी बोलणे सुरू आहे.